चिमुकल्या लिथुआनियाची बास्केटबॉलमधली कमाई



तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी बास्केटबॉलचा खेळ पाहिला असेल. पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ, मैदानाच्या दोन्ही टोकांना दहा फूट उंचीवर लोखंडी कडे, आणि त्या कड्यातून चेंडू टाकायचा. जवळून टाकला तर दोन गुण, आखलेल्या रेषेबाहेरून टाकला तर तीन. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ साली अमेरिकेत हा खेळ काढला, तेव्हा कड्याच्या जागी पीच नावाच्या फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या. बास्केट म्हणजे टोपली. नाव तेथूनच पडले.

अमेरिकेने काढलेल्या या खेळात खुद्द अमेरिकेला पाणी पाजणारा एक चिमुकला देश आहे. त्याचे नाव लिथुआनिया. युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी तो वसला आहे. क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढे. लोकसंख्या तीस लाखांहूनही कमी, म्हणजे २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे शहरात होती त्यापेक्षा थोडी. गहू, मोहरीच्या कुळातले तेलबियांचे पीक, बटाटा आणि दूधदुभते ही तिथल्या शेतकऱ्याची मिळकत. हिवाळा लांब आणि बर्फाचा, म्हणून छपराखाली खेळता येणारा हा खेळ तिथे चांगलाच रुजला. बास्केटबॉल हा आमचा दुसरा धर्म आहे, असे तिथले लोक सांगतात.

या देशाने १९३७ साली युरोपचे अजिंक्यपद मिळवले. १९३९ ची स्पर्धा लिथुआनियातच, कौनास शहरात झाली. त्यासाठी खास बंदिस्त क्रीडागृह बांधले गेले. लिथुआनियन आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले प्रानास लुबिनास आपल्या मूळ देशासाठी खेळले. लाटव्हियाविरुद्धचा सामना अवघ्या एका गुणाने, ३७-३६ असा जिंकला आणि अजिंक्यपद दुसऱ्यांदा घरी आले.

पण पुढच्याच वर्षी घात झाला. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने हा देश गिळला. नकाशावरून देशाचे नाव गेले, झेंडा गेला, संघही गेला. खेळ मात्र गेला नाही. कौनासच्या झालगिरिस या क्लबने १९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन वर्षे मॉस्कोच्या लष्करी क्लबला मागे टाकून सोव्हिएत अजिंक्यपद जिंकले. झेंडा फडकवायला बंदी होती, तेव्हा लोकांनी आपला अभिमान या विजयांत जपला.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेला हरवून पुढे सुवर्णपदक पटकावले. त्या संघाचे चार आधारस्तंभ लिथुआनियाचे होते: साबोनिस, मार्चुलिओनिस, कुर्तिनाइतिस आणि खोमिचुस. पीक यांच्या रानातले, रास मात्र दुसऱ्याच्या खळ्यात!

१९९० च्या मार्च महिन्यात लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. दोन वर्षांनी बार्सिलोना ऑलिंपिक होते, पण नव्या देशाच्या तिजोरीत संघ पाठवण्याएवढा पैसा नव्हता. अमेरिकेत व्यावसायिक संघात खेळणाऱ्या शारुनास मार्चुलिओनिस यांनी पदरमोड केली, दारोदार फिरून मदत गोळा केली. ग्रेटफुल डेड या अमेरिकन गायक-वादकांच्या चमूनेही हात दिला आणि लिथुआनियाच्या झेंड्याच्या पिवळ्या, हिरव्या, तांबड्या रंगांचे सदरे धाडले.

उपांत्य फेरीत अमेरिकेने या संघाला ५१ गुणांनी लोळवले. उरला कांस्यपदकाचा सामना. समोर कोण? जुन्या सोव्हिएत प्रजासत्ताकांचा एकत्रित संघ! साखळी सामन्यात याच संघाकडून लिथुआनिया हरला होता. या वेळी मात्र ८२-७८ अशी बाजी मारली. सव्वासात फूट उंचीच्या आर्व्हिदास साबोनिस यांनी २७ गुण केले. पदके घेताना खेळाडूंनी तेच रंगीबेरंगी सदरे घातले होते. पदक काशाचे, पण त्या लोकांना ते सोन्याहून पिवळे वाटले.

पुढे १९९६ आणि २००० च्या ऑलिंपिकमध्येही कांस्यपदक मिळाले. २००० साली सिडनीच्या उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध हार झाली ती फक्त दोन गुणांनी. २००४ साली अथेन्समध्ये साखळी सामन्यात अमेरिकेला ९४-९० असे हरवून त्याची परतफेड केली. २००३ साली, तब्बल ६४ वर्षांनी, युरोपचे अजिंक्यपद पुन्हा मिळाले. २०१० च्या जागतिक स्पर्धेत तिसरा क्रमांक आला. २०२३ च्या विश्वचषकात अमेरिकेला ११०-१०४ अशी पुन्हा धूळ चारली.

मात्र सगळीच साले सुगीची नसतात. अमेरिकेला हरवल्यानंतर दोनच दिवसांनी सर्बियाने या संघाला बाहेर काढले. त्याआधी २०२१ मध्ये, कौनासच्या घरच्या मैदानावर स्लोव्हेनियाकडून हार पत्करावी लागली आणि १९९२ पासून प्रथमच ऑलिंपिकची वाट बंद झाली. २०२४ च्या पॅरिसलाही हा संघ पोहोचू शकला नाही. इतर देशही जोमाने पुढे येत आहेत. काल जिंकलो म्हणून आज कोणी वाट सोडत नाही.

तरीही तिथे खेळ ओस पडलेला नाही. साबोनिस आणि मार्चुलिओनिस या दोघांनीही नाव मिळाल्यावर आपल्या देशात मुलांसाठी बास्केटबॉलच्या शाळा काढल्या. साबोनिस यांचा मुलगा दोमांतास आज अमेरिकेत व्यावसायिक संघात खेळतो आणि देशासाठीही खेळला आहे. वाफ्यात रोपे तयार होत असली, की एखाद्या हंगामाच्या नुकसानीने शेतकरी खचत नाही. तसेच हे आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या गावात कबड्डी असो, खो-खो असो की कुस्ती, खेळाचे बीज आहेच. हवे आहे ते संध्याकाळी दोन तास मुलामुलींना मोकळे सोडणारे घर आणि शाळेमागची साफ केलेली जागा. पुढच्या ग्रामसभेत शाळेच्या मैदानाचा विषय आपणच काढावा. आणि त्या मैदानात आपल्या लेकीलाही मुलाइतकीच जागा आहे ना, हे आवर्जून पाहावे.