'मे', 'माइट', 'कॅन' आणि 'कुड' : शक्यता, परवानगी की बंधन?

आपल्या सीमाभागात बहुतेक घरांतून तीन भाषा चालतात. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, आणि मुलांच्या पुस्तकांत इंग्रजी. 'मे' आणि 'कॅन' यांत फरक काय, हा प्रश्न नातवंडे हमखास विचारतात. हा फरक परीक्षेतल्या दोन गुणांपुरता नाही. कर्जाच्या पत्रापासून राज्यघटनेपर्यंत या छोट्या शब्दांवर बरेच काही अवलंबून असते.

मराठीत शक्यता क्रियापदाच्या रूपातच दिसते : येईल, येत असेल, आला असेल. इंग्रजीत त्यासाठी मुख्य क्रियापदाआधी वेगळा शब्द ठेवावा लागतो, आणि तो शब्द आपली खात्री किती आहे तेही सांगतो. समजा, निपाणीहून सुटलेल्या बसची आपण बेळगावच्या स्टँडवर चौकशी करतो आहोत.

'मस्ट हॅव अराइव्हड' म्हणजे आलीच असणार. वेळ केव्हाच होऊन गेली आहे.
'मे हॅव अराइव्हड' म्हणजे आली असेल.
'माइट हॅव अराइव्हड' म्हणजे आलीही असेल, पण भरवसा थोडा कमी.
'कान्ट हॅव अराइव्हड' म्हणजे येणे शक्यच नाही. आत्ता तर संकेश्वरहून फोन आला.

'कुड हॅव' मात्र संदर्भ पाहून घ्यावे. त्याचा अर्थ 'आली असेल' असा होतो, तसाच 'येऊ शकली असती, पण आली नाही' असाही होतो.

मुलांचा घोटाळा होतो तो आपल्या 'शकणे' या क्रियापदामुळे. 'तो पोहू शकतो' यात अंगची क्षमता आहे, तिथे 'कॅन' बरोबर. 'आज पाऊस पडू शकतो' यात आजच्या दिवसाचा अंदाज आहे, तिथे 'मे' किंवा 'माइट' हवे. पण 'बेळगावात जुलैमध्ये मुसळधार पाऊस पडू शकतो' हे नेहमीचे, सर्वसाधारण विधान असल्याने तिथे 'कॅन' चालते. थोडक्यात, एरवी घडू शकणाऱ्या गोष्टीला 'कॅन' आणि या खेपेच्या अंदाजाला 'मे'.

'मे' समजायला आपल्याला कन्नडची मोठी मदत होते. 'बरबहुदु' म्हणजे 'येईल कदाचित', आणि 'होगबहुदु' म्हणजे 'जायला हरकत नाही' असेही होते. एकाच 'बहुदु'मध्ये शक्यता आणि परवानगी दोन्ही आहेत. इंग्रजी 'मे'चे तसेच आहे. म्हणून 'यू मे नॉट एंटर' ही मनाई आहे, तर 'ही मे नॉट कम' म्हणजे तो कदाचित येणार नाही. 'कदाचित' घालून वाक्य जुळते का ते पाहावे. जुळले तर शक्यता, नाही तर परवानगीचा विचार करावा.

आता कागदपत्रांकडे. बँकेच्या नोकरीत एक गोष्ट वारंवार दिसे. पत्रात 'द बँक मे कन्सिडर' असे असले की पुष्कळ ग्राहक कर्ज मिळालेच असे धरून चालत. खरे तर त्यात विचार करण्याची मोकळीक आहे, वचन नाही. याउलट वचनचिठ्ठी पाहा. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानुसार तिच्यात पैसे देण्याचे बिनशर्त वचन असावे लागते. 'मी कदाचित देईन' असे लिहिलेल्या कागदाला वचनचिठ्ठी म्हणता येत नाही.

राज्यघटनेतही हाच भेद आहे, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला देणाऱ्या कलम ३ मध्ये शब्द आहे 'मे'. म्हणजे संसद तसे करू शकते. केलेच पाहिजे असे ते कलम सांगत नाही. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३५०-अ मध्ये, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयींबाबत शब्द आहे 'शॅल'. मात्र तो प्रयत्न करण्याच्या जबाबदारीला जोडलेला आहे. त्यापुढे राष्ट्रपतींनी राज्यांना निर्देश देण्याबाबत पुन्हा 'मे' येतो. कलम ३५०-ब मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी असण्याबाबत 'शॅल' आहे.

यावरून निवेदने लिहिताना एक धडा घ्यावा. जिथे 'शॅल' आहे तिथे कर्तव्याची आठवण करून द्यावी. जिथे 'मे' आहे तिथे तो अधिकार का वापरावा, याची कारणे आणि आकडे द्यावेत. कधी कधी अधिकारासोबत कर्तव्यही जोडलेले असले तर न्यायालये 'मे'चा अर्थ बंधनकारक असा लावतात. पण ते ठरवणे वकिलांवर सोपवावे.

मुलांना शिकवताना तीनच प्रश्न विचारायला लावावे : हे घडण्याचा अंदाज आहे का? कोणी कोणाला मोकळीक देतो आहे का? की कोणावर बंधन घातले आहे? एवढे विचारायची सवय लागली की व्याकरण सोपे होते, आणि मोठेपणी कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तीच सवय उपयोगी पडते.