अभियंता होण्याचीं चार वर्षें

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण हंसले असतील. मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या मास्तरानें अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांविषयीं काय बोलावें? पण मास्तराची विद्या त्याच्या विद्यार्थ्यांच्या मागोमाग चालत असते. माझ्या हाताखालचीं पुष्कळ मुलें या वाटेनें गेलीं. सुटींत आलीं म्हणजे तीं माझ्या ओसरीवर बसत, आणि जें घरीं सांगतां येत नसे, तें मला सांगत. त्या भांडवलावर मी बोलणार आहें.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. पुण्यास १८५४ सालीं अभियांत्रिकीचा एक वर्ग व यंत्रशाळा निघाली. सरकारी बांधकामांवर हाताखालीं काम करणारीं जाणतीं माणसें तयार व्हावींत, एवढाच तिचा मूळ हेतु. पुढें ती मुंबई विद्यापीठास जोडली गेली. १९११ सालीं तिला 'कॉलेज ऑफ इंजिनियरिंग' हें नांव मिळालें. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती त्याच्या छत्राखालीं आली, आणि २०२२ सालीं स्वतःच विद्यापीठ झाली. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या १८८३ सालीं येथूनच उत्तीर्ण झाले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ सालीं बसविलेले स्वयंचलित दरवाजे त्यांच्याच कल्पनेंतले. मुंबईस १८८७ सालीं निघालेली व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १९२३ सालीं माटुंग्यास गेली, आणि १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाईंच्या नांवानें ओळखली जाते.

आतां आजचा विद्यार्थी. बारावीनंतर प्रवेश परीक्षा, मग पदवीचीं चार वर्षें, आणि वर्षाचीं दोन याप्रमाणें आठ सत्रें. शाखा कोणतीहि असो, पहिल्या वर्षाचे विषय बहुतेक ठिकाणीं जवळ जवळ सारखेच असतात : गणित, पदार्थविज्ञान, रसायन, यांत्रिकी, आरेखन आणि कर्मशाळा. संगणकाची शाखा घेतलेल्या मुलासहि हातांत कानस धरावी लागते. लोखंडाचे दोन तुकडे असे घांसावयाचे कीं, एकाचा दांता दुसऱ्याच्या खांचेंत नेमका बसावा. जोड उजेडासमोर धरला आणि फटींतून प्रकाश दिसला, कीं पुन्हा घांसा! आरेखनाचीहि तीच तऱ्हा. साखरेचा गोल डबा वरून पाहिला तर वर्तुळ, समोरून पाहिला तर आयत. हीं दोन सपाट चित्रें पाहून डोळ्यांपुढें सबंध डबा उभा राहिला पाहिजे. ही दृष्टि पाठांतरानें येत नाहीं.

याशिवाय प्रयोगांच्या वह्या. सत्र संपत आलें कीं 'सबमिशन'चा आठवडा येतो. एका खोलींत तिघे-चौघे, खाणावळीची वेळ टळलेली, आणि दिवा पहाटेपर्यंत जळत असलेला. वह्या वेळेवर न दिल्यास सत्रच पदरीं पडत नाहीं, ही धास्ती. पुन्हा मराठी शाळेंतून आलेल्या मुलास बहुतेक पुस्तकें इंग्रजी.

यांत माझा एक विद्यार्थी सांपडला. शाळेंत गणिताचा पहिला क्रमांक त्यानें कधीं सोडला नव्हता. शहरांतल्या एका महाविद्यालयांत त्यास प्रवेश मिळाला, तेव्हां वडिलांनीं आळींत पेढे वाटले. पहिल्याच सत्रांत तो गणित व यांत्रिकी या दोन विषयांत नापास झाला. राहिलेले विषय मागें ठेवून पुढें बसूं देण्याची जी सवलत आहे, तिला मुलें 'के. टी.' म्हणतात. सवलत आहे खरी, पण त्यानें ती घरीं सांगितली नाहीं. 'निकाल लागावयाचा आहे' असें कळविलें, आणि होळीस घरीं येणें टाळलें. पुढें एके दिवशीं संध्याकाळीं तो आपल्या घरावरून पुढें जाऊन माझ्या ओसरीवर येऊन बसला. बऱ्याच वेळानें म्हणाला, "गुरुजी, मला गणित येतं, असं नुसतं तुम्हांलाच वाटत होतं का?"

त्याचें पुस्तक मीं उघडून पाहिलें. मला कांहीं कळलें नाहीं. मी म्हणालों, "बाळ, यांतलं एक उदाहरण तूंच मला शिकव."

उदाहरण शिडीचें होतें. सर्वत्र सारखी, २० किलो वजनाची शिडी गुळगुळीत भिंतीला टेकविली आहे. तिच्यावर कोण कोण जोर लावतें, तें बाणांनीं दाखवावयाचें. त्यानें तीन बाण काढले : वजन खालीं ओढतें, जमीन वर उचलून धरते, भिंत आडवी ढकलते. गणित सुटेना. मीं अडाण्यासारखें विचारलें, "अरे, भिंत ढकलते, तर शिडी मागं घसरत कां नाहीं?" तो थबकला, आणि त्यानें चौथा बाण काढला : पायाशीं जमिनीचें घर्षण. मग हिशेब भराभर सुटला. शिडी जमिनीशीं ४५ अंशांत असेल, तर पायाशीं १० किलो वजनाइतका आडवा आधार लागतो. ६० अंशांत उभी केली तर सुमारें पावणेसहा किलोंचा पुरतो, आणि ३० अंशांपर्यंत कलती केली तर सव्वासतरा किलोंहून अधिक लागतो. शिडी कलती ठेवली कीं कां निसटते, हें मला त्या दिवशीं कळलें.

त्यालाहि कांहीं कळलें, आणि मला तें बोंचलें. शाळेंत आम्ही गणितांत लागणाऱ्या सर्व राशी फळ्यावर लिहून देत होतों. मुलानें त्या सूत्रांत घालावयाच्या, कीं उत्तर तयार. येथें मात्र जोर कोणते, हेंच आधीं शोधावयाचें असतें. शोधावयाची संवय मीं त्याला लावलीच नव्हती. त्याच्या शंभर गुणांचा मला अभिमान होता. त्या गुणांत ही उणीव झांकली गेली होती.

रात्रीं मी त्याच्याबरोबर त्याच्या घरीं गेलों. त्यानें सारें सांगितलें. वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "जेवलास का?" दोन्ही विषय सुटावयास त्यास पुढें एक वर्ष लागलें. आज तो पुलांच्या तपासणीचें काम करतो.

श्रोतेहो, आपल्या घरांतूनहि कोणी मुलगा अथवा मुलगी हें शिक्षण घेत असेल. पहिल्या सत्रांत गुण घसरले, तर बुद्धि आटली असें मानूं नका; अभ्यासाची जात बदललेली असते. निकाल विचारा, पण त्याआधीं एक उदाहरण समजावून मागा. आपणांस तें कळलें नाहीं तरी चालेल. सांगतां सांगतां चौथा बाण त्यांचा त्यांनाच सांपडेल. आणि कोणी सुटीला घरीं येण्याचें टाळीत असेल, तर अभ्यास फार आहे एवढ्यावर समाधान मानूं नका. एकदां स्वतः जाऊन भेटून या.