गाळणी की पंप?

जानेवारी १९८६मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठात अमेरिकेतले मोजके गणिती जमले. रोनाल्ड डग्लस यांनी बोलावलेल्या या बैठकीतलं दुखणं जुनंच होतं. कॅलक्युलसची पुस्तकं हजार पानांवर गेली होती आणि पोरं सूत्रं घोकून परीक्षेपुरती तरत होती, नाहीतर नापास होऊन विज्ञानालाच रामराम ठोकत होती. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला सहाशेहून अधिक लोक आले. घोषणा होती : कॅलक्युलसनं विद्यार्थ्याला गाळायचं नाही, पंपासारखं वर चढवायचं.

मग सरकारी पैसा आला. अँड्र्यू ग्लीसन आणि डेबोरा ह्यूज हॅलेट यांच्या हार्वर्ड गटानं प्रत्येक कल्पना सूत्र, आलेख आणि आकडे अशा तिन्ही अंगांनी शिकवायची ठरवली. शब्दांचं चौथं अंग पुढे जोडलं. गाडीचा वेग दर काही सेकंदांनी नोंदलेला तक्ता द्यायचा आणि विचारायचं, गाडी कमीत कमी किती गेली असेल, जास्तीत जास्त किती? संकलन इथून सुरू. शांतिनारायण यांच्या कॅलक्युलसच्या पुस्तकावर पोसलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न बी.एस्सी.ला कुणी विचारला असता तर!

सिद्धता पातळ झाल्या, अशी ओरड झाली. ती अगदीच खोटी नव्हती. ग्राफिंग कॅल्क्युलेटरवरून तर भांडणंच जुंपली. पण माझ्या मते पुस्तक आणि यंत्र यांवरच्या या वादात खरी गोष्ट मागे पडली, आणि ती तुलेनच्या आधीच सापडली होती.

सत्तरच्या दशकात बर्कली विद्यापीठात युरी ट्राइसमन या तरुण गणितीला कोडं पडलं : कृष्णवर्णीय मुलं कॅलक्युलसमध्ये का अडखळतात? प्राध्यापक म्हणत, तयारी कच्ची, घरची परिस्थिती, इच्छा कमी. ट्राइसमन मुलांच्या खोल्यांपर्यंत गेला. मुलं मेहनती होती, पण एकएकटी अभ्यास करत. चिनी वंशाची मुलं आधी स्वतः गणितं सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत, जेवतानाही त्यावरच बोलत. त्यानं शिकवणी लावली नाही. नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि गटात बसवलं. निकाल पालटले.

२०२३मध्ये याला दुजोरा देणारा, फ्लोरिडातल्या एका विद्यापीठातला कॅलक्युलसचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ८११ विद्यार्थी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन प्रकारच्या वर्गांत वाटले होते. व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा गटात गणितं सोडवणारे जास्त शिकले.