पटकीचे विष आणि जी-प्रथिने

ॲड्रेनलिनसारखे संप्रेरक पेशीपटलाच्या बाहेरच थांबते, तरीही त्याचा परिणाम पेशीच्या आत काही सेकंदांत दिसू लागतो, आणि हा दुवा साधण्याचे काम पटलाच्या आतल्या बाजूस चिकटलेली जी-प्रथिने करतात. अल्फा, बीटा व गॅमा या तीन घटकांचे हे प्रथिन एरवी जीडीपी हा लहान रेणू धरून असते. परंतु ग्राहीला, म्हणजे पटलातून सात वेळा आरपार गेलेल्या संवेदक प्रथिनाला, संप्रेरक जोडले गेले की ग्राहीचा आकार बदलतो, जीडीपीच्या जागी जीटीपी येतो आणि विलग झालेला अल्फा घटक ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला चालना देऊन चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू तयार करवतो. या प्रथिनांच्या शोधासाठी आल्फ्रेड गिलमन व मार्टिन रॉडबेल यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्रणेचे खरे मर्म मात्र तिच्या वेळेवर थांबण्यात आहे, कारण अल्फा घटक स्वतःच जीटीपीचे विघटन करून पुन्हा निष्क्रिय होतो. शंभुनाथ दे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात ज्याचे अस्तित्व दाखवून दिले (आणि ज्याचे श्रेय त्यांना फार उशिरा मिळाले), ते पटकीचे विष नेमकी हीच क्षमता हिरावून घेते. परिणामी आतड्याच्या पेशींत चक्रीय एएमपी साचत जाऊन क्लोराइड व त्यामागोमाग पाणी बाहेर वाहते आणि रुग्णाचे शरीर काही तासांतच शुष्क होते. ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषून घेणाऱ्या वेगळ्या मार्गाला हे विष बाधा आणत नाही, म्हणूनच साखर-मिठाचे पाणी पटकीतही उपयोगी पडते.