शाळा वाढली, आतां पुढें काय?

जून महिना लागला कीं गांवोगांवच्या माध्यमिक शाळांचे वार्षिक अहवाल बाहेर पडूं लागतात. पट इतक्यानें वाढला, शालान्त परीक्षेचा निकाल शेंकडा इतका लागला, नव्या चार खोल्या बांधून झाल्या, पुढील सालीं इमारतीवर दुसरा मजला चढविण्याचा संकल्प आहे, असा मजकूर त्यांत बहुधा असतो. आणि तो वाचून पालकांस समाधान व देणगीदारांस आनंद होतो. हें समाधान अगदींच निराधार आहे असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें पूर्वीं सातवीपुढें शिकण्याची सोयच नव्हती, अशा कित्येक गांवीं आज दहावीच्या तुकड्या भरतात ही गोष्ट सामान्य नव्हे. परंतु दुकानाची उलाढाल वाढली म्हणजे नफा झालाच, असें कोणताही जाणता व्यापारी मानीत नाहीं. तो वही पुरी करतो, येणें किती, देणें किती, बुडीत किती हें पाहतो, आणि मग नफ्याची गोष्ट बोलतो. शाळेच्या कामीं मात्र हेच व्यवहारचतुर लोक उलाढालीलाच नफा समजून चालतात. ह्या समजुतीची एकदां फोड करून पाहावी, एवढ्याचसाठीं आजचा हा लेख आहे.

झपाट्यानें वाढलेल्या शाळेचें उदाहरण घ्यावयाचें, तर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. ही शाळा जानेवारी १८८० मध्यें निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले, बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी त्यांस मिळाले, आणि लवकरच वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर हेही येऊन दाखल झाले. पहिल्या वर्षीं पटावर ३३६ मुलें होतीं. पांच वर्षांच्या आंत ती संख्या १,००९ वर गेली. खासगी शाळेनें, पाठीशीं सरकारी खजिना नसतां, पट असा तिपटीनें वाढवावा हें त्या काळीं नवलच होतें. सर विल्यम हंटर हे १८८२ सालच्या शिक्षण कमिशनचे अध्यक्ष. त्यांनीं ह्या शाळेची मोकळ्या मनानें स्तुति केली.

परंतु त्या शाळेचा खरा कस ज्या गोष्टींत लागला, ती पटावरची नव्हती. ज्या १८८२ सालीं कमिशन बसलें, त्याच सालीं १७ मार्च रोजीं चिपळूणकर वारले. त्यांचें वय अवघें ३१ वर्षांचें होतें. त्याच सालीं कोल्हापूर प्रकरणाच्या खटल्यांत टिळक व आगरकर यांस शिक्षा होऊन ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत राहिले. म्हणजे तिसऱ्याच वर्षीं शाळेचा मूळ पुरुष गेला आणि दोन प्रमुख शिक्षक कैदेंत पडले. एका व्यक्तीच्या नांवावर चाललेली पेढी असती, तर तिला त्याच दिवशीं टाळें लागतें. शाळेला तें लागलें नाहीं. वर्ग भरत राहिले, आणि पटही वाढत गेला. कारण मागें राहिलेल्यांच्या ठिकाणीं काम उचलण्याची योग्यता होती आणि तें उचलण्याचा निश्चयही होता.

ह्यापुढें चालकांनीं जें केलें, तें आजच्या संस्थाचालकांनीं विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे. शाळा भरभराटींत असतांनाच, २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं, त्यांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि जी शाळा चार मित्रांची होती ती लोकांची केली. कायद्याच्या दृष्टीनें ह्यांत फार मोठा फरक आहे. मित्रांची शाळा मित्रांच्या मैत्रीइतकीच टिकते. नियमबद्ध संस्था ती मैत्री तुटली तरी टिकते. आणि ती मैत्री तुटलीच! शिक्षकांनीं संस्थेबाहेर कमाई करावी कीं करूं नये ह्या व इतर प्रश्नांवर तीव्र मतभेद होऊन १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटींतून बाहेर पडले. ज्यांनीं रोप लावलें त्यांपैकीं एक असा दुरावला. तरी न्यू इंग्लिश स्कूलही राहिलें आणि २ जानेवारी १८८५ रोजीं निघालेलें फर्ग्युसन कॉलेजही राहिलें. नियमांनीं माणसांस वांचविलें नाहीं, पण माणसांनीं उभें केलेलें काम वांचविलें.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. सोसायटीच्या आजीव सभासदांनीं महिना ७५ रुपयांच्या वेतनावर २० वर्षें काम करण्याची प्रतिज्ञा घेतली. आजच्या शिक्षकानें तशाच फाटक्या खिशानें शिकवावें असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. त्यागाच्या नांवाखालीं दुसऱ्याचें वेतन कापणें हा त्याग नव्हे, ती चोरी आहे. आम्हांस दाखवावयाचें तें हें कीं, मुलगा पांचवींत आला तेव्हां जे गुरुजी शाळेंत होते, तेच तो मॅट्रिकला बसला तेव्हांही होते. शिक्षक टिकून असले म्हणजे त्यांचा अभ्यासही टिकतो व वाढतो. आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांचें अंकगणिताचें पुस्तक हीं अशाच शिक्षकांच्या हातून झालेलीं कामें होत. उलट, आज पुष्कळ शाळांत गणिताची जागा रिकामी, विज्ञानाचा शिक्षक तासिका तत्त्वावरचा, आणि इंग्रजीचा गेल्या दिवाळींत सोडून गेलेला, अशी स्थिति आढळते. अशा शाळेचा पट दुप्पट झाला तर तिची अडचण दुप्पट झाली, एवढाच त्याचा अर्थ.

येथवर जमेची बाजू झाली. नांवेची बाजू झांकून ठेवणें हा आमचा धर्म नव्हे. मग तें नांव कितीही थोर पुरुषांच्या शाळेचें असो. न्यू इंग्लिश स्कूल मुलांचें होतें. मुलींसाठीं पुण्यांत हायस्कूल निघालें तें १८८४ सालींच, पण दुसऱ्यांच्या हातून. न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनीं काढलेल्या त्या हुजूरपागेच्या शाळेच्या शिक्षणक्रमावर केसरीनें कडाडून टीका केली. स्वराज्याची भाषा पहिल्यानें बोलणाऱ्या पत्रानें अर्ध्या समाजाच्या शिक्षणाविषयीं असा हात आंखडावा, ही खेदाची गोष्ट होय. तसेंच, ज्या हंटरसाहेबांनीं न्यू इंग्लिश स्कूलची स्तुति केली, त्यांच्याच कमिशनपुढें १८८२ सालीं जोतिराव फुले यांनीं निवेदन दिलें. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या कष्टांतून येतो, आणि तो खर्च होतो मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ह्यास्तव बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे आधीं पाहा, असा त्यांचा रोंख होता. एकाच सालीं, एकाच कमिशनपुढें आलेल्या ह्या दोन गोष्टी आम्ही शेजारीं शेजारीं ठेवतों. शाळेच्या आंत किती मुलें आलीं हें पहिली सांगते. दाराबाहेर कोण राहिलें हें दुसरी विचारते. पुरा हिशेब दोन्ही मिळूनच होतो.

दाराबाहेरच्यांचा प्रश्न हातीं घेणारा पुरुष पुढें सातारा जिल्ह्यांत निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह काढलें, आणि १९४० सालीं तेथेंच महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केलें. फी देण्यास पैसा नाहीं त्यानें अंगमेहनत करावी आणि शिकावें, हा त्यांचा नियम. ह्या संस्थेच्या आज शेंकडों माध्यमिक शाळा आहेत. परंतु मोठेपण त्या आंकड्याचें नव्हे. ज्याच्या घरीं दिव्याला तेल नव्हतें त्या पोराला पटावर आणून तेथें टिकविलें, त्याचें आहे.

आतां आजचें पाहूं. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याची हद्द ६ ते १४ वर्षांची, म्हणजे आठवीपर्यंतची. नववी व दहावी त्या कायद्याच्या बाहेर राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें २०३० पर्यंत माध्यमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याचें उद्दिष्ट ठेविलें आहे खरें. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरण मोडलें म्हणून कोणा बापास कोर्टांत दाद मागतां येत नाहीं. तेव्हां ज्या वयांत मुलगा कमाईस आणि मुलगी लग्नास लायक झाली असें घरचे समजूं लागतात, नेमक्या त्याच वयांत कायद्याचें छत्र संपतें. तेथून पुढें मूल शाळेंत राहणें हें बव्हंशीं शाळेच्या चालकांवर आणि गांवावर अवलंबून आहे.

असें असतां कांहीं शाळा काय करतात? निकालाचा आंकडा उंच दिसावा म्हणून कच्च्या मुलांस नववींतच अडवितात, किंवा 'सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बस' असा सल्ला देतात. समजा, आठवींत शंभर मुलें आलीं. दहावीच्या परीक्षेस त्यांतलीं सत्तर बसलीं आणि त्रेसष्ट उत्तीर्ण झालीं. अहवालांत निकाल शेंकडा नव्वद छापला जाईल, पेढे वाटले जातील. पण ज्या शंभर आईबापांनीं विश्वासानें मूल हवालीं केलें, त्यांच्या हिशेबीं निकाल त्रेसष्टच आहे. उरलेल्या सदतिसांपैकीं तीस मुलांचा त्या अहवालांत उल्लेखही नसतो. व्यापारांत अशी वही लिहिली तर तिला खोटी वही म्हणतात.

म्हणून जी शाळा वाढत आहे, तिनें यंदाच्या वर्षासाठीं चार गोष्टींचा संकल्प करावा अशी आमची सूचना आहे. पहिली, निकाल दोन प्रकारांनीं छापावा: परीक्षेस बसलेल्यांपैकीं किती उत्तीर्ण झाले, आणि आठवींत दाखल झालेल्यांपैकीं किती. दुसरी, नवी खोली बांधण्यापूर्वीं रिकाम्या जागांवर शिक्षक नेमले जातील असें पाहावें. सरकारी मान्यतेस विलंब होत असेल तर तितक्या काळापुरता योग्य पगाराचा शिक्षक संस्थेनें आपल्या निधींतून ठेवावा. तिसरी, जें मूल सलग आठ दिवस गैरहजर राहील, त्याच्या घरीं शिक्षकानें किंवा कमिटीच्या सभासदानें स्वतः जावें. मुलीची गैरहजेरी असेल तर त्याहूनही लवकर जावें; आणि शाळेंत मुलींसाठीं स्वच्छ, कडी लागणारें व पाणी असणारें स्वच्छतागृह आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, कारण पुष्कळ मुलींची शाळा तेवढ्यासाठींही सुटते. चौथी, संस्थेचा तपासलेला जमाखर्च धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत धाडून स्वस्थ बसूं नये. तो सोप्या मराठींत लिहून शाळेच्या फलकावर लावावा. देणगी कोठून आली, कशावर गेली, शिल्लक किती, हें पालकास वाचतां आलें पाहिजे. ज्यास लपविण्यासारखें कांहीं नाहीं, त्यास फलकाचें भय वाटण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणेल, हीं सर्व कामें सरकारचीं आहेत. आम्ही कर भरतों, मग पुन्हां देणगी कशाला? सरकारनें आपलें कर्तव्य करावें म्हणून आम्ही लिहीतच आलों आहों आणि पुढेंही लिहूं. परंतु सरकार जागें होईपर्यंत नववींतली मुलगी थांबून राहत नाहीं. तिचें एक वर्ष गेलें म्हणजे बहुधा शाळाच गेली.

शेवटीं बाजारपेठेंतील सद्गृहस्थांस एक विनंति. आपण शाळांस देत आलां आहां, हें गांव विसरलेलें नाहीं. पण खोलीवर नांवाची फरशी बसविण्यासाठीं देणाऱ्यांची जेवढी दाटी होते, तेवढी प्रयोगशाळेच्या सामानासाठीं, वाचनालयाच्या पुस्तकांसाठीं किंवा लांबच्या वाडीवरून येणाऱ्या मुलीच्या बसच्या पाससाठीं होत नाहीं. यंदा ही रीत बदलून पाहावी. एका शिक्षकाच्या वर्षभराच्या पगाराची, किंवा दहा मुलांच्या दोन वर्षांच्या खर्चाची हमी चार दुकानदारांनीं मिळून घ्यावी, आणि घेतांना शाळेकडून वर वर्णिलेला हिशेब मागावा. देणाऱ्यानें हिशेब मागितला म्हणजे घेणाऱ्यास शिस्त लागते, हें आपणांस आम्हीं शिकवावें असें नाहीं. पुढील जूनमध्यें अहवाल हातीं येईल, तेव्हां पटाचा आंकडा मागाहून वाचावा. दोन वर्षांपूर्वीं आठवींत आलेल्यांपैकीं किती मुलें दहावीस पोहोंचलीं तो आंकडा आधीं शोधावा, आणि तो छापलेला नसेल तर हेडमास्तरांकडे जाऊन विचारावा.