आवाज फुटेपर्यंत

२३ ऑगस्ट १७३० रोजी लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेच्या कांटोरने नगरपालिकेला एक निवेदन लिहिलं. कांटोर म्हणजे मुलांना गाणं शिकवणारा आणि शहरातल्या मुख्य चर्चमधल्या संगीताचा सगळा भार वाहणारा माणूस. निवेदनात त्याने आपल्या मुलांची नावानिशी यादी दिली आणि खाली बेरीज मांडली: १७ कामाचे, २० अजून तयार न झालेले, १७ निरुपयोगी. एवढ्या ५४ मुलांतून त्याला चार चर्चना गायक पुरवायचे होते. ज्यांना साधं स्तोत्रही जेमतेम जमतं, ती मुलं सेंट पीटरच्या चर्चला जातात, हेही त्याने त्या कागदावर लिहून ठेवलं. खाली सही होती योहान सेबास्टियन बाखची.

ही यादी वाचली तेव्हा बाख मला पहिल्यांदा जवळचा वाटला. तीनच वर्षांपूर्वी, १७२७च्या गुड फ्रायडेला, सेंट थॉमस चर्चमध्ये त्याने ‘मॅथ्यू पॅशन’ सादर केलं होतं. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद, तीन तासांच्या आसपासची रचना. ती रचणारा माणूस ऑगस्टच्या उन्हाळ्यात बसून मोजतो आहे, की आपल्याकडे गायला पोरं किती आहेत.

नवा हंगाम जवळ आला, की त्याच वृंदापुढे आजही हाच प्रश्न उभा राहतो. या वृंदाचं नाव टोमानरकोर. १२१२ साली सेंट थॉमसचा मठ स्थापन झाला, तेव्हापासूनची ही परंपरा. आज वृंदात ९ ते १८ वर्षांचे सुमारे १०० मुलगे आहेत आणि २०२१पासून आंद्रेआस राइत्से हे कांटोर आहेत. वृंदाचं वय ८०० वर्षांहून जास्त, पण त्यातला कुठलाही गळा नऊ-दहा वर्षांपलीकडे तिथे टिकत नाही.

चार स्वरपट्ट्यांपैकी वरच्या दोन, सोप्रानो आणि आल्टो, लहान मुलं गातात. टेनर आणि बास गातात ती मोठी मुलं. म्हणजे आज मागच्या रांगेत खर्जात गाणारा सतरा वर्षांचा मुलगा काही वर्षांपूर्वी पुढच्या रांगेत तारसप्तक गात होता. दोन्हींच्या मधे त्याचा आवाज फुटला. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि काल सहज लागणारा वरचा सूर आज मधेच तुटतो. मग काही महिने गाणं थांबवायचं, गळ्याला विसावा द्यायचा आणि नवा आवाज कुठे स्थिरावतो याची वाट पाहायची. कांटोरच्या दृष्टीने पाहा: ज्या मुलाला चार वर्षं घडवलं, ज्याला अवघड जागा आता कुठे डोळे मिटून जमू लागल्या, तोच हातातून जातो. तेही हंगामाच्या ऐन मध्यावर, काही न सांगता.

बाखलाही हे चुकलं नव्हतं, पण त्याला थोडा जास्त अवधी मिळे. त्याच्या काळातल्या लाइपझिगच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या आहेत. त्यावरून दिसतं की मुलांचा आवाज तेव्हा सोळा-सतराव्या वर्षाच्या सुमारास फुटायचा. आता तो तेराच्या आसपासच फुटू लागतो. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची छाती आणि समज धरून लिहिलेल्या लांबच लांब ताना आज अकरा-बारा वर्षांची पोरं गातात. मला हा साऱ्या गोष्टीतला सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो. दमसास कमी, शिकायला वर्षं कमी, आणि संगीत मात्र एका मात्रेनेही सोपं झालेलं नाही.

एवढ्या थोड्या वर्षांत हे साधतं, ते सगळे एकत्र राहतात म्हणून. मुलांच्या वसतिगृहाला अलुमनाट म्हणतात. मुलं स्वतः त्याला ‘कास्टन’ म्हणतात, म्हणजे पेटी. एका खोलीत लहान-मोठी मुलं एकत्र असतात आणि मोठ्यांनी धाकट्यांकडे पाहायचं असतं. मोठ्यांपैकी निवडक मुलांना प्रीफेक्ट नेमतात. तालमी घेण्यात ते कांटोरला मदत करतात. ही पद्धतही बाखच्या वेळेपासूनची. प्रीफेक्ट नेमण्याचा अधिकार कोणाचा, यावरून १७३६मध्ये त्याचं मुख्याध्यापकांशी कडाक्याचं भांडण झालं होतं.

हंगामाचा कणा म्हणजे ‘मोटेट’ हा दर आठवड्याचा गायनाचा कार्यक्रम. सुट्ट्या आणि दौरे सोडले, तर शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला चर्चमध्ये हा वृंद गातो. शनिवारी बहुधा बाखचा एखादा कांताता असतो आणि साथीला गेवांडहाउस वाद्यवृंद. डिसेंबरात ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’ येतो: १७३४च्या नाताळापासून पुढच्या ६ जानेवारीपर्यंतच्या सहा दिवसांसाठी बाखने लिहिलेले सहा भाग. सुरुवातीलाच टिंपनीचे ठोके पडतात आणि त्यामागून अख्खा वृंद उसळून येतो. गंमत म्हणजे हे समूहगान मुळात राणीच्या वाढदिवसासाठी लिहिलेलं होतं. वसंतात गुड फ्रायडेला ‘पॅशन’ आणि जूनमध्ये बाख महोत्सव. तेवढ्यात शाळा संपवून मोठी मुलं निघून जातात आणि कांटोर पुन्हा मोजायला बसतो.

आपला कान एका गळ्यावर पोसलेला आहे. गवई कोण, कोणाचा शागीर्द, हे विचारल्याशिवाय आपण मैफलीला जात नाही. इथे शंभर मुलांतल्या एकाचंही नाव श्रोत्याला ठाऊक नसतं. तरी घराणं म्हणावं अशी गोष्ट इथे आहे, आणि तिचा सर्वांत सुंदर पुरावा १७८९चा आहे. त्या वर्षी मोझार्ट लाइपझिगला आला. बाखला जाऊन ३९ वर्षं झाली होती. त्याचाच शिष्य डोलेस तेव्हा कांटोर होता. संगीतलेखक रॉखलिट्झने लिहून ठेवलेली हकिगत अशी: मुलांनी बाखचं दोन वृंदांसाठीचं, आठ स्वरांचं एक मोटेट, म्हणजे धार्मिक समूहगीत, गायलं. पहिल्या काही मात्रांतच मोझार्ट दचकला. गाणं संपल्यावर त्याने स्वरलिपी मागितली. एकत्र लिहिलेली स्वरलिपी नव्हतीच; प्रत्येक स्वराचे कागद तेवढे सुटे होते. मग त्याने ते कागद हातांत, गुडघ्यांवर, शेजारच्या खुर्च्यांवर मांडले आणि सगळे वाचून होईपर्यंत तो जागचा उठला नाही.

‘मॅथ्यू पॅशन’ पुन्हा लोकांपुढे यायला १८२९ साल उजाडावं लागलं. संगीतकार मेंडेलसोनने ते बर्लिनमध्ये उभं केलं. मोटेट्स मात्र लाइपझिगच्या मुलांनी हातची सोडली नव्हती. आवाज फुटायच्या आत एकाने दुसऱ्याला शिकवली, बस.

कधी शुक्रवारी सेंट थॉमस चर्चला गेलात, तर थोडं लवकर जा. कार्यक्रमपत्रिका विकत घेतली की आत सोडतात. बाकांवर बसलं, की तोंड वेदीकडे असतं आणि पुढे जमिनीत ब्राँझची एक साधी पाटी दिसते. १९५०पासून बाख तिथे विसावला आहे. वर बहुतेक वेळा कोणी ना कोणी फुलं ठेवलेली असतात. मुलं दिसत नाहीत. ती पश्चिमेच्या सज्जात, तुमच्या पाठीमागे, ऑर्गनपाशी उभी असतात. सहाचे ठोके पडतात. पायांची थोडी चुळबुळ, एक खोकला. मग शांतता, आणि पाठीमागून, वरून, पहिला सूर येतो.