अनुभव : काही नाही

सकाळी ६.२०

चहाला आधण येतंय तोवर फोन. ‘मॅडम, चार वाजता मुलाखत आहे. पंजाबी ड्रेस चालेल ना?’ परांड्याची मुलगी, एस.वाय.बी.कॉम.ची. लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात दिवाळीपुरती माणसं घेतायत. चालेल म्हटलं, फक्त ओढणी पिनेने नीट अडकव. वरच्या फळीवरून गठ्ठा काढताना ती तोंडावर येते. हे ज्ञान माझं नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच दुकानातून वैतागून परत आलेल्या एका मुलीचं आहे.

७.१५

पहिला तास, कॉस्टिंग. सकाळच्या सत्रात कोण डुलक्या काढतंय यावरून आदल्या रात्री कुणाची क्लोजिंग शिफ्ट होती ते कळतं. मी उठवत नाही. हजेरी मात्र बघून लावते, कारण पंच्याहत्तर टक्क्यांच्या नियमात पहिली हीच मुलं सापडतात.

९.५०

‘कमवा व शिका’ची वही. विद्यापीठाच्या या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे आणि ते नुसतं शोभेचं नाही. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेच मुळी मुलांनी राबून आपल्या शिक्षणाचा खर्च काढावा, या विचारावर. आमच्याकडे या योजनेत ग्रंथालयात पुस्तकं लावायची, बागेला पाणी घालायचं, ऑफिसात फायली लावायच्या. पण या जागा पटकन भरतात. उरलेल्यांना बाहेर काम शोधावं लागतं आणि ती मुलं माझ्याकडे येतात. कुणाची मेस थकलेली असते, कुणाचं कॉट बेसिसचं भाडं.

१०.३०

वर्ग रिकामा होतो आणि नऊ जण बसतात. प्रत्येकाने एका पानावर आपली माहिती लिहून आणली आहे. नऊपैकी सात पानांवर ‘अनुभव’ या शब्दापुढे एकच उत्तर : काही नाही.

आधी माझी एक चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी मी सगळ्यांकडून इंग्रजीत एक छानसा परिच्छेद पाठ करून घेतला होता. आठवड्याभरात एका कॅफेवाल्याचा फोन आला. ‘बाई, तुमची तिघं येऊन गेली. तिघांनाही आव्हानं आवडतात, तिघांचाही छंद वाचन. यातलं कप कोण विसळणार तेवढं सांगा.’ तेव्हापासून परिच्छेद बंद. आता मी फक्त खोदून विचारते.

चोपड्याचा मुलगा म्हणतो, खरंच काही नाही मॅडम. सुट्टीत काय करतोस? केळीच्या बागेत असतो. तिथे काय करतोस? घड मोजून गाडीत भरून घेतो, व्यापाऱ्याकडून वजनाची चिठ्ठी घेतो. चिठ्ठीत घोळ झाला तर? भांडतो. म्हणजे माल मोजून ताब्यात देणं, कागद ठेवणं आणि पैशाला जागं राहणं, तिन्ही कामं हा बारावीपासून करतोय. कुरिअरच्या गोदामात याहून वेगळं काय असतं?

परांड्याच्या मुलीला तर मी दोनदा विचारलं. आईचं आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान आहे, हे तिने खाली मान घालून सांगितलं. तू बसतेस? बसते. मग माझा हात बघ. तिने हातात न घेताच सांगितलं, ‘दोन-सहा. पण उजवीकडे जरा ओढून घालावी लागेल.’ बरोबर होतं. गिऱ्हाईकाकडे एक नजर टाकून त्याला काय बसेल ते सांगणारी ही मुलगी कागदावर ‘काही नाही’ लिहिते. का? कारण बांगड्या विकणं तिला नोकरी वाटत नाही आणि पुण्यात सांगण्यासारखंही वाटत नाही. ही लाज आपल्या शाळांनीच पोसली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पालकांचा व्यवसाय ‘शेती’ असं लिहायला लावलं, त्या शेतीत मुलाला काय काय येतं ते कुणी विचारलं नाही.

११.४५

आता टेबलाचा गल्ला. तीनशे सत्तेचाळीसचं बिल. मी पाचशेची नोट देते, मूल परत द्यायला शंभर आणि पन्नास मोजून घेतं, तेवढ्यात मी म्हणते, ‘थांबा, सात रुपये सुट्टे आहेत.’ बहुतेक सगळे इथे गडबडतात. मोबाइल काढायचा नाही. एकशे साठ परत, इतकंच. बी.कॉम.च्या मुलांना हे जमत नाही म्हणून हसायचं कारण नाही. रांगेत सहा जण उभे असताना मलाही घाम फुटेल.

मग मी फोनवर पैसे पाठवल्याचा फोटो दाखवून निघून जायला बघते. दोघांनी जाऊ दिलं. केळीवाल्याने अडवलं : ‘ताई, स्पीकर बोलला नाही अजून.’ बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

१२.४५

कागद. बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान. खाण्यापिण्याच्या ठिकाणी जायचं असेल तर डॉक्टरचा दाखला. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी व्हावी असा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. मूळ मार्कशीट कुणाच्याही हातात ठेवून यायची नाही आणि ‘नोंदणी फी’ द्यायची नाही. गेल्या वर्षी आमच्या एका मुलाने एका एजन्सीला दीड हजार दिले. दुसऱ्या आठवड्यात तिथे शटर होतं. मेसचे पैसे होते ते.

१.३०

डबा. गार भेंडी.

२.१०

हा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि मुलांना सगळ्यात नकोसा. मुलाखतीत आपण काय विचारायचं?

पगार किती हे विचारणं उद्धटपणाचं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलंय. मग महिनाभर राबून हातात काय येईल ते पहिल्या पगाराला कळतं. म्हणून मी मोठ्याने म्हणून घेते : पगार किती, कुठल्या तारखेला, रोख की खात्यात? साप्ताहिक सुट्टी कोणती? हातून काही फुटलं तर पैसे कापणार का? आणि पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, त्या दिवसांचं काय? पहिल्यांदा सगळे पुटपुटतात. तिसऱ्यांदा आवाज येतो.

मुलींना आणखी एक. दुकानं आणि आस्थापनांच्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षिततेची व्यवस्थाही करावी लागते. पण हॉस्टेलचं फाटक कायदा विचारत नाही. म्हणून फाटक कधी बंद होतं आणि शेवटची बस कधी, हे आधी स्वतःला विचारून जायचं.

एकीने विचारलं, ‘मॅडम, एवढं विचारलं आणि त्यांनी नकोच म्हटलं तर?’ म्हणतीलही. दरवर्षी दोघा-तिघांना म्हणतात. मी काही लपवलं नाही.

४.००

ती दुकानात, मी पेपर तपासायला. एका गठ्ठ्यात लक्ष लागत नाही.

५.४०

फोन आला. आपण घोकलेलं त्यांनी काहीच विचारलं नाही म्हणाली. समोर एक पैठणी टाकली आणि घडी घाल म्हणाले. पदर कुठल्या बाजूला ठेवायचा तिला माहीत नव्हतं, तसं तिने सांगून टाकलं. तेवढ्यात शेजारी एक आजी आल्या, त्यांना हिने आपणहून खुर्ची दिली, हिरव्या काठाच्या दोन साड्या पुढे केल्या. एक खपली. बांगड्यांचं सांगितलंस? ‘सांगितलं. मालकीणबाईंनी लगेच हात पुढे केला.’

पगार सात तारखेला, खात्यात. दुपारी चार ते आठ. सोमवार सुट्टी. परीक्षेचं विचारल्यावर मात्र उत्तर आलं, ‘दिवाळी होऊ दे, मग बघू.’ पेपर दिवाळीआधी सुरू होतात. ‘मी उद्या सांगते म्हणून आले. चुकलं का?’

काही चुकलं नाही.

८.१५

भाकरी तव्यावर असताना अनोळखी नंबर. दुकानाच्या मालकीणबाई. तिच्या कागदावर माझा नंबर होता.

‘मुलगी चांगली आहे हो तुमची. पण आत्ता फोन करून म्हणते, पेपरच्या तारखांना सुट्टी देणार असं चिठ्ठीवर लिहून द्या. असं कुणी मागतं का?’

मी म्हटलं, द्या लिहून. चारच तारखा आहेत.